झोपलेल्या खलाशाचा हात

तिच्या नाकावरून कुणीतरी हळूच कुंचला फिरवला आणि तिला सणसणीत शिंक आली.

समोरचा माणूस दचकून मागे उडाला. वरच्या लोखंडी पाइपावर त्याचं डोकं आपटलं.

"अरे बाप रे! तुम्ही... तुम्ही जिवंत आहात?"

"अजून तरी," ती म्हणाली. आवाज पार बसलेला. "आणि 'हात लावू नये' अशी पाटी आहे इथे. वाचता येत नाही?"

"येतं की. पण ती पाटी बघायला येणाऱ्यांसाठी. मी पुतळ्यांचा माणूस." डोकं चोळत तो बावरून हसला. "आणि तुम्ही त्यांच्याच रांगेत बसला होतात!"

ते मात्र खरं होतं. ही एक जुनी युद्धनौका. कधीकाळी तिच्या तोफा धडाडत होत्या. आता ती धक्क्याला कायमची बांधलेली होती आणि तिकीट काढून कुणीही चढावं, असं तिचं संग्रहालय झालं होतं. तिच्या पोटात, खलाशांच्या जेवणाच्या खोलीत, लांब बाकावर प्लास्टरचे खलाशी मांडून बसवले होते. ती इथली गाईड, आणि गाईडचा गणवेश त्यांच्यासारखाच निळा. दिवसाची शेवटची फेरी संपवून ती घटकाभर त्यांच्याशेजारी टेकली, आणि तिथेच डोळा लागला.

"मग नाक पुसताना काय वाटलं?" तिने विचारलं.

"वाटलं... या एकाचं काम फार सुरेख झालंय. कुणी केलं असेल?"

ती उठली, टोपी उचलली आणि जिना चढू लागली. वर पोचल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण हसतोय.

त्याला सगळे पुतळेवाला म्हणत. खाऱ्या हवेने जहाजावरच्या पुतळ्यांचे रंग उडाले होते, कुणाचा कान गेला होता, कुणाची बोटं. ते सगळं ठाकठीक करायला तो आला होता. काम संपलं की दुसऱ्या गावच्या संग्रहालयात जाणार होता.

तिला मुलं जहाजताई म्हणत. सकाळपासून शाळांच्या सहली यायच्या. "रांगेत या, डोकं सांभाळा, तोफेवर चढू नका" इथपासून सुरुवात. मग तीच तोफ, तीच इंजिनखोली, तेच जिने. तिने एखादी गोष्ट सांगायला घेतली की मुलं चिडीचूप होत. पण दिवसभर इतकं बोलून झालं, की संध्याकाळी तिच्याजवळ शब्द म्हणून उरत नसे. घरी ती फक्त मान हलवायची.

"बाहेर पोपटासारखी बोलतेस आणि घरी तोंडाला कुलूप!" वहिनी करवादायची. "भिंतीशी बोलावं तसं बोलते मी!"

मागच्या वर्षी वहिनीच्या ओळखीतला एक मुलगा तिला बघून गेला होता. आधी जहाजावर येऊन, तिची सगळी फेरी ऐकून. खूश होता. मग घरी आला, तर ती गप्प. दोनदा आला, दोन्ही वेळा गप्प. 'जहाजावरची मुलगी वेगळी होती,' असा निरोप आला. वहिनी रडली. ती रडलीसुद्धा नाही. तिला ते पटलंच होतं. जे काही होतं ते जहाज बंद होईपर्यंत होतं. त्यानंतर उरतं ते कुणाला द्यायचं आणि कुणी का घ्यायचं?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पुन्हा त्या बाकावर जाऊन बसली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. तो आचाऱ्याच्या पुतळ्याच्या भुवया रंगवत होता.

"बोलायला पाहिजे असं काही नाही हं," तो मागे न वळता म्हणाला. "इथे कुणीच बोलत नाही. सवय आहे मला."

तिने पाय लांब केले. बाहेर पाऊस भुरभुरत होता. लोखंडी पत्र्यावर त्याचा आवाज बारीक, एकसारखा येत होता. त्याने थर्मासच्या झाकणात चहा ओतून तिच्यापुढे सरकवला आणि पुन्हा भुवयांकडे वळला. किती तरी वेळ दोघं तशीच. निघताना ती एवढंच म्हणाली, "डावी भुवई वर गेलीय."

"तो तुमच्याकडे बघतोय ना, म्हणून."

मग रोजच असं होऊ लागलं. तो कधी एखादं वाक्य टाकायचा, ती कधी उत्तर द्यायची, कधी नाही. न दिलेल्या उत्तराचा हिशेब तो मागत नसे. पण पुतळे एकेक करून नवे होत होते. ज्या दिवशी एखादा पूर्ण व्हायचा, त्या दिवशी तिला वाटायचं... जाऊ दे, काय वाटायचं ते.

शेवटी राहिला वायरलेसवाला, बिनतारी यंत्रावरून संदेश पाठवणारा खलाशी. त्याचा उजवा हात मनगटापासून तुटला होता.

"खऱ्या हाताचा साचा घ्यावा लागेल," पुतळेवाला म्हणाला. "कुणी हात दिला तर..."

"माझा चालेल?" ती बोलून गेली आणि कानापर्यंत लाल झाली. "म्हणजे... साच्यासाठी."

"साच्यासाठीच म्हणालो मी," तो अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला.

साचा घ्यायचा म्हणजे हाताला तेल चोळायचं, ओल्या प्लास्टरमध्ये तो अर्धा रुतवायचा, ते घट्ट झालं की वरून दुसरा थर द्यायचा आणि तोही वाळेपर्यंत बोट हलवायचं नाही. त्याने तिच्या बोटांना तेल लावलं, एकेक बोट वाकवून यंत्राच्या बटणावर ठेवल्यासारखं बसवलं. त्याचे हात खरखरीत होते, पण वजन नसल्यासारखे.

"आता बोटं अशीच धरून ठेवा."

प्लास्टर गार होतं. खोली शांत होती. दिवसभरात पहिल्यांदाच तिला एका जागी बसायची सक्ती झाली होती... आणि व्हायचं तेच झालं. ती जागी झाली तेव्हा पहिला थर घट्ट झाला होता आणि तिची बोटं त्यात केव्हाच सैल पडली होती.

"बिघडवलं ना मी?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "साधा हातसुद्धा धरून ठेवता आला नाही मला!"

"असू दे. थोडा वेळ राहिलाय. हलू नका." एवढंच म्हणून त्याने वरचा थर दिला.

दुसऱ्या दिवशी सहल घेऊन जाताना तिला दिसलं, त्याने वायरलेसवाल्यासाठी स्वतःचाच हात साच्यात घातला होता. डाव्या हाताने प्लास्टर थापताना केसांपासून बुटांपर्यंत पांढरा झाला होता, पण तिला म्हणून काही विचारलं नाही. तिने मनाशी समजून घेतलं. पुन्हा तेच. दमलेली बाई कुणाच्या कामाची?

त्या संध्याकाळी ती खाली गेली नाही. त्यानंतरही नाही. मग कळलं, काम आटोपलं, उद्या तो जाणार.

त्याच दुपारी ती एक सहल घेऊन खलाशांच्या झोपण्याच्या खोलीत उतरली. एकावर एक टांगलेले अरुंद पलंग, आणि खालच्यावर झोपलेल्या खलाशाचा पुतळा. आजवर तो दोन्ही हात अंगाला चिकटवून, लाकडाच्या ओंडक्यासारखा पडलेला असे. मुलं त्याला बघून खिदळायची, कुणी गुदगुल्या करू बघायचं.

"खलाशी पाळीपाळीने पहारा करायचे," तिने रोजच्यासारखी सुरुवात केली आणि थांबली.

खलाशाचा एक हात पलंगाबाहेर लोंबत होता. नवा. बोटं अर्धवट मिटलेली, मनगट सैल. काहीही धरायचं नाही, कुणाला काही दाखवायचं नाही, असा हात. रंग खलाशाचा होता, ठेवण तिची.

पुढे उभ्या असलेल्या एका चिमुरडीने ओठांवर बोट ठेवलं. "श्श... खूप दमलाय तो. उठवू नका."

आणि तो सगळा गलका, जो सकाळपासून घसा फोडूनही तिला आवरला नव्हता, चवड्यांवर चालत बाहेर गेला.

सहल जहाजावरून उतरली तशी ती तडक जेवणाच्या खोलीत गेली. तो कुंचले धुऊन गुंडाळत होता.

"न विचारता लावलात माझा हात!"

"चुकलंच. काढून देतो."

"खबरदार!"

त्याने शेवटचा कुंचला गुंडाळीत सरकवला. मग सावकाश म्हणाला, "विचारणार होतो. रोज वाट बघितली, तुम्ही आलाच नाहीत. मी वरच्या तुमच्या सगळ्या फेऱ्या ऐकल्यात. छान बोलता. पण ते सगळ्यांसाठी असतं. तो हात सैल पडला ना... तेव्हा मला वाटलं, हे फक्त मला बघायला मिळालं. टाकून द्यायला जीव झाला नाही." त्याने गुंडाळी उगाच सोडली, पुन्हा बांधली. "मला तुम्ही दमलेल्याच जास्त माहीत आहात. आणि... आवडता."

तिचा घसा दुखत होता. पाय भरून आले होते. दिवसाचे सगळे शब्द संपले होते. तरीही ती बाकावर बसली आणि बोलू लागली. हळू, चाचरत. त्यात रोजच्या फेरीतलं एकही वाक्य नव्हतं.

"पुढचं गाव लांब आहे?"

"सुट्टीच्या दिवशी येता येईल, एवढंच."

"मग उद्या जाण्यापूर्वी घरी या. वहिनी आहे माझी. ती खूप बोलेल."

"बरं."

"दादा नाही नाही ते प्रश्न विचारेल."

"बरं."

"मी दमलेली असेन. कोपऱ्यात बसेन. कदाचित तोंडही उघडणार नाही."

"बरं..."

"पण मी गप्प आहे म्हणून," ती म्हणाली आणि पहिल्यांदाच तिने सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं, "नाही म्हणतेय असं समजून उठून जाऊ नका."