लोविताचा वाफा

उजाडताना पक्षी जंगलातून वाळूवर उतरायचे. काळे, कोंबडीएवढे, पाय मात्र अंगाच्या मानाने मोठे. हे पक्षी अंडी उबवत नाहीत. गरम वाळूत हातभर खोल खड्डा करतात, अंडं ठेवतात, वाळू लोटतात आणि जातात. ऊब ज्वालामुखीचा डोंगर देतो. पिल्लू एकटंच खणत वर येतं आणि त्याच दिवशी उडतं.

पक्षी गेले की माणसं उतरायची. सावो बेटावरच्या या गावात घराघराचा किनाऱ्यावर एक वाफा असतो, नारळाच्या झापांचं कुंपण घातलेला. वाफा आईकडून लेकीला जातो. नवऱ्याने खणायचं ते बायकोच्या हक्काने. सिलासने एकतीस वर्षं लोविताचा वाफा खणला. तो कुशीवर पडून खांद्यापर्यंत हात खुपसायचा आणि अंडं वर द्यायचा. ती कोळशाचा तुकडा जिभेला लावून अंड्यावर तीन रेघा ओढायची. समुद्रापलीकडे होनियारा शहराच्या बाजारात कोणाचं अंडं ते कळावं म्हणून घराघराची खूण ठरलेली. लोविताच्या आजीची एक रेघ होती, आईच्या दोन, लोविताच्या तीन.

खड्डा बुजवला की ती तळव्याने वाळू थापटायची. मग मूठ आवळून बोटांच्या सांध्यांनी तीनदा ठोकायची, दार वाजवल्यासारखी.

"कोणाला उठवतेस?" सिलास विचारायचा.

"उठवत नाही. मी आहे, एवढं सांगते."

ती गेली त्याला आता वर्ष होत आलं होतं.

बाई गेली की तिचा वाफा वर्षभर बंद. दाराशी झापाची गाठ मारायची. आत कोणी पाय ठेवायचा नाही. वर्ष भरलं की लेकीने गाठ सोडून खणायचं. तिने नाही खणलं तर कुंपण उपटून वाफा शेजाऱ्याच्या वाफ्यात मिळवायचा. मग तो त्या घराचा राहत नाही, त्या घराचं नावही वाळूवर राहत नाही.

लेक एकच, जेनिला. ती होनियारात कापडाच्या दुकानात होती. नवरा मासेमारीच्या जहाजावर, सहा-सहा महिने बाहेर. तिने निरोप धाडला होता: येते, गाठ सोडते, वाफा कॅस्टोमामाला देते आणि बाबांना घेऊन जाते.

"मला देऊन काय करू?" लोविताचा भाऊ कॅस्टो सुपारी चघळत म्हणाला. "माझ्या बायकोच्याच वाफ्यात काल दोन अंडी, परवा एक. पूर्वी टोपली उचलायला माणूस लागायचा. डोंगर गार पडतोय, मेहुणे. शाळेत अकरा पोरं उरली. तीन घरांना कुलूप. बहिणीचा वाफाही रिकामा निघाला तर मीसुद्धा होडीत बसणार."

 सिलासला कुठेही जायचं नव्हतं. रोज सकाळी तो जुन्या सवयीने बंद वाफ्याच्या बाहेर येऊन बसायचा. पक्षी आत उतरताना बघायचा आणि घरी जायचा. एकट्यासाठी रताळी भाजायचा, दोघांपुरती भाजली जायची.

दहाव्या महिन्यात एका सकाळी आतली वाळू सपाट दिसली.

पक्षी वाळू लोटतात तेव्हा उंचवटा राहतो. इथे उंचवटा नव्हता. वाळू थापटलेली होती आणि कडेला तीन खळगे होते, शेजारी शेजारी.

सिलासने तरुणपणी सात वर्षं जहाजाच्या इंजिनवर काढली होती. कारणाशिवाय काही होत नाही, हे त्याला पाठ होतं. म्हणजे चोर. त्याने चुलीतली राख चाळून कुंपणाच्या चहूबाजूंनी आणि दाराशी पातळ पसरली.

दुसऱ्या दिवशी राख जशीच्या तशी होती. तिच्यावर पक्ष्यांची पावलं होती, आत गेलेली आणि बाहेर आलेली. माणसाचं एकही नव्हतं. आत वाळू थापटलेली. खळगे आज दुसऱ्या कोपऱ्यात.

त्याने कॅस्टोला आणून दाखवलं.

"चोर असता तर अंडी घेऊन पळाला असता," कॅस्टो म्हणाला. "वाळू थापटत बसणारा चोर मी तरी नाही पाहिला."

"मग कोण?"

कॅस्टो खळग्यांकडे बघत राहिला. तोंडातली सुपारी त्याने बाजूला थुंकली. "वारा असेल," तो म्हणाला. वारा नव्हता.

सिलासने कुंपणाच्या फटीतून हात घालून वाळूला टेकवला आणि झटकन मागे घेतला. चटका बसला होता. मग त्याने शेजारच्या, कॅस्टोच्या बायकोच्या वाफ्यात हात टेकवला. वाळू गार होती, समुद्रकाठच्या कुठल्याही वाळूसारखी.

त्याने राख पसरणं बंद केलं. सकाळी येऊन खळगे मोजावेत, मग घरी जावं, एवढंच. रोज तीनच असायचे. त्याची झोप मात्र सुधारली.

वर्ष भरायच्या आदल्या दिवशी जेनिला आली. होडीतून उतरली ती पोट धरूनच.

"मला होडी लागली," ती म्हणाली.

"तुला? दात नव्हते तेव्हापासून होडीत बसतेस!" कॅस्टो हसला. "शहराच्या फरशीवर चालून समुद्र विसरली बाई."

"मामा, गप्प बस. आधी काहीतरी खायला दे."

तिने गरम जमिनीत पुरून शिजवलेला नीरफणस अर्धा खाल्ला, अर्धा टाकला. सिलास बघत होता.

"बाबा, तुमचं सामान बांधलंत?"

"उद्याचं उद्या बघू."

"उद्या दुपारी होडी आहे. मी खणणार नाही. गाठ सोडेन, रीतीची एक हाक आईला मारेन, झालं. तिथे आता आहे काय?"

"एक हात घालून बघ," सिलास म्हणाला. त्याने तिच्याकडे आजवर काही मागितलं नव्हतं. "एकच."

सकाळी पक्षी गेल्यावर तिघं वाफ्याशी आली. वर्षभर वाळलेली गाठ जेनिलाने दातांनी सोडवली. आत पाऊल टाकताच ती थबकली.

"भाजतंय."

ती कुशीवर पडली आणि हात वाळूत घातला. कोपरापर्यंत. खांद्यापर्यंत. तिचा गाल वाळूला टेकला.

"आहे."

अंडं वर आलं. कॅस्टोने ते हातात घेतलं, वाळू पुसली, आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

कोळशाच्या तीन रेघा.

"मेहुणे," तो म्हणाला, "तुम्ही आधीच खणून..."

"गाठ कोणी सोडली आत्ता?"

कॅस्टोने गाठीकडे पाहिलं. 

दुसरं अंडं आलं. तिसरं. दहावं. सगळ्यांवर तीन रेघा. टोपली भरली. कॅस्टो दुसरी आणायला धावला. वाटेत तो ओरडून काही सांगत असावा, कारण लोक गोळा होऊ लागले. कुंपणाबाहेर उभे राहिले. कोणी हसलं नाही, पण गाव असं एकत्र बऱ्याच दिवसांनी उभं होतं. एक म्हातारी दुसरीला म्हणाली, "ऊब इथे येऊन बसली होय!"

पुढचं अंडं सिलासने घेतलं.

"चार आहेत," तो म्हणाला.

"काय चार?"

"रेघा."

जेनिलाने मान वळवून पाहिलं. चार रेघांची खूण कोणाचीच नव्हती. ती तिची झाली असती, तिने वाफा घेतला असता तर.

यापुढची सगळी चारची होती. तीही टोपली भरली.

"आता बस," कॅस्टो हळूच म्हणाला.

"अजून एक लागतंय," जेनिला म्हणाली. "खूप खाली आहे."

तिने दम धरून खांदा आणखी रुतवला. मग सावकाश हात वर काढला.

हे अंडं लहान होतं. तिने ते कोणाला दिलं नाही. बसून मांडीवर ठेवलं आणि अंगठ्याने वाळू पुसली.

पाच.

"पाचवी कोणाची?" कॅस्टोने विचारलं.

जेनिलाने उत्तर दिलं नाही. तिचा दुसरा हात, वाळूने माखलेला, पोटावर गेला होता.

"मी कोणालाच सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "नवऱ्यालासुद्धा नाही."

सिलास तिच्या शेजारी खाली बसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्याला ते थांबवायचं नव्हतं.

तिने अंडं होतं तिथे परत ठेवलं. खड्डा बुजवला, वाळू थापटली. मूठ आवळून तीनदा ठोकली.

"मामा, दुपारच्या होडीत टोपल्या चढव," ती म्हणाली. "माणसं नाही येत म्हणावं."

"दोघंही?"

"दोघंही. आणि तूही नाही."

कॅस्टो टोपली उचलून निघाला. लोकांनी त्याला वाट दिली. जेनिला उठू लागली तेव्हा आधार द्यायला सिलासने तिचा हात धरला, आणि त्याच्या बोटांना कोळसा लागला.

त्याने बघितलं. अंड्यावरची वाळू पुसलेल्या तिच्या अंगठ्यावर काळं होतं.

कोळसा ओला होता, नुकताच जिभेला लावल्यासारखा.