टाकलेलं उत्तर

“वाट आखूड असली की फाटा ठेवू नको, बेटा. दोन्ही उत्तरं काढ, एक ठेव, एक टाक.”

हे काम शिकवणाऱ्या अकोल्याच्या यास्मीनआपांचं हे सांगणं दीपमालाच्या हातात मुरलं होतं. कम्पायलर लिहिणं हे तिचं काम. माणसाने लिहिलेलं ‘असेल तर हे, नसेल तर ते’ चिपला समजेल असं करून द्यायचं. फाटा ठेवला की चिप अंदाजाने एका वाटेवर धावते, चुकली की मागे फिरते. दोन्ही उत्तरं तयार ठेवली की तो हेलपाटा वाचतो.

फाटा काढून केलेलं नवं काम तिने वरूडजवळ, वडील किसनराव यांच्या शेतात, पंपाचे व्हॉल्व्ह चालवणाऱ्या चिपच्या डब्यावर चढवून पाहिलं. बोअरला भरपूर पाणी असलं तर पश्चिमेचा व्हॉल्व्ह उघडायचा, नसलं तर पूर्वेचा. पाणी नव्हतंच. पश्चिमेची संत्री किसनरावांनी जड मनाने सोडली होती.

आठवड्यात पश्चिमेची माती ओली झाली. व्हॉल्व्ह बंद, पाइपच्या तोंडावर कोळ्याचं जाळं. पण झाडांची आळी ताजी खणलेली.

“टाकलेलं उत्तर जाते कुठी?” किसनरावांनी विचारलं.

“कुठंच नाही, बाबा. ते कोणी वाचत नाही.”

मजूर जयवंता बांधावरून हसली. “काका, तुमीच दोन्हीकडं राबून राहिले, मंग आमाले काम कावून देता?”

किसनराव हसले नाहीत. ते दिवसभर पूर्वेलाच होते.

त्यानंतर ते वाळत गेले. सकाळी उठताना त्यांच्या नखांत ओली माती असे. डॉक्टरांना काही सापडेना. दीपमालाने ठरवलं, फाटा परत बसवायचा.

“नको काढू,” ते म्हणाले. “तिकडची झाडं पालवली.”

“अन् तुमी?”

ते उठून पूर्वेकडे निघाले.

सोमवारी उपाशीपोटीच ती लॅपटॉप घेऊन बांधावर बसली. पूर्वेला किसनराव पाइप बांधत होते. मध्येच खोकत. फाट्याचा जुना कोड डब्यावर चढवायला तयार होता. तिने बटणावर बोट ठेवलं.

“दीपू, येतो मी.”

आवाज पाठीमागून आला होता.

किसनराव खांद्यावर फावडं घेऊन उभे होते. पायांना चिखल. “झाडायले शब्द देला, सोडत नाही म्हणून.”

तिने पूर्वेकडे पाहिलं. पाइपपाशी वाकलेली पाठ आता ताठ झाली होती. तेही इकडेच पाहत होते.

दीपमालाने बटण न दाबताच बोट उचललं.

तिच्या शेजारून, चिखलाची पावलं उमटवत, किसनराव हळूच पश्चिमेकडे निघाले.