पाठीची फळी

विश्वास ठेवा नाहीतर नका ठेवू. मी सुतार माणूस, जे पाहिलं तेवढंच सांगतो. रविवार होता. दुपारचे चार, चांगलं लख्ख ऊन.

रंगवलेल्या लाकडी पुतळ्यांचं प्रदर्शन होतं. वहिनीनेच चला म्हणून हट्ट धरला. सात वर्षांपूर्वी माझा थोरला भाऊ, तोही सुतारच, कामाला म्हणून गेला, तो परत आलाच नाही. या रविवारच्या दुसऱ्या दिवशी वहिनी कोर्टाच्या कागदावर सही करणार होती, नवरा आता हयात नाही असं धरा म्हणून.

"आज घरात बसवत नाही हो भाऊजी," म्हणाली.

नर्स, शिंपी, पोस्टमन... सगळे कमरेएवढे उंच.

आणि कोपऱ्यात एक सुतार.

वहिनीने माझा दंड गच्च धरला. "भाऊजी... हे आहेत."

दादाच होता! कानावर पेन्सिल. भुवईत पटाशीची धार लागल्याची खूण.

माझं डोकंच फिरलं. पुतळे करणारी बाई शेजारीच उभी होती.

"या माणसाला कुठे पाहिलंत?"

"कुठेच नाही. मनाने केलाय."

"थापा मारू नका बाई! ती खूणसुद्धा मनानेच?"

"ती मी केली नाही," ती पुटपुटली. "मला वाटलं, आणताना रंग उडाला."

कुठेतरी पाणी मुरतंय, एवढं मला कळलं. मी पुतळ्याच्या छातीवर दोनदा ठोकलं. लाकूड भरीव की पोकळ, ते आम्ही असंच बघतो.

टक टक.

आतून... एकदाच... टक.

बाई पांढरीफटक पडली. "लाकूड तडकू नये म्हणून मी मागून पोकळ करते. पण पाठ उघडीच ठेवते... फळी लावतच नाही."

मी पुतळा फिरवला.

पाठीवर फळी होती.

स्क्रूचं डोकं एकही दिसेना. नुसती टोकं, बाहेर आलेली.

दादाची खोडच ती. स्क्रू नेहमी लांब घ्यायचा, टोकं पलीकडे निघायची. वडील ओरडून ओरडून थकले.

पण टोकं बाहेर... म्हणजे स्क्रू आतून पिळले होते.

बाईच्या पिशवीतली पटाशी घेऊन मी फळी उचकटली. आत कोणी नाही. मांजरही मावणार नाही एवढीशी जागा.

वहिनी रडली नाही. त्या पोकळीत हात घालून उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "ऊब आहे हो अजून."

सोमवारी तिने सही केली नाही. आजवर केलेली नाही.

मी काम करतो. पण तयार कपाट ठोकून बघणं सोडलंय. गिऱ्हाईक म्हणतं, "मिस्त्री, जरा ठोकून दाखवा की."

मी म्हणतो, "तुम्हीच ठोका."

आणि दाराबाहेर जाऊन उभा राहतो.