फ्रेमच्या खाली

गेणबा मामांची मुलाखत आम्ही त्यांच्या गोठ्यासमोर घेतली, कारण घरात उजेड कमी होता. २००२ सालचा फेब्रुवारी होता. उसाचे ट्रॅक्टर टेप लावून रस्त्यानं जात होते आणि प्रत्येक वेळी सतीश हेडफोन काढून, आवाज लांब जाईपर्यंत मुकाट उभा राहत होता. मामी आतून सांगत होत्या, आधी जेवून घ्या, मग काय ते बोला.

गावाचं नाव मी लिहीत नाही. न्हावऱ्याहून मांडवगणकडं जाताना ते आत राहतं. तिथं माझं आजोळ आहे.

आम्ही तिघंच होतो. मी कॅमेऱ्यावर, सतीश आवाजावर आणि फिल्म मोनालीची. मोनाली दौंडची, रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेली. तिचा मावसभाऊ मच्छिंद्र याच गावचा. रांजणगावला कारखान्यात कामाला होता. सत्त्याण्णव साली त्यानं ग्रामसभेत उभं राहून बौद्धवस्तीला नळाची वेगळी लाईन मागितली. पुढच्याच आठवड्यात त्याला भरदिवसा चावडीपासून वस्तीपर्यंत हातांनी, काठीनं मारत नेलं. प्रेत त्याच्याच घराच्या दारात पडलं होतं. खटला चालला आणि एकजात सगळे साक्षीदार म्हणाले, आम्ही तिथं नव्हतो. सगळे आरोपी सुटले.

त्या दिवशी गाव कुठं होतं, एवढाच मोनालीचा प्रश्न होता. माझ्या ओळखीनं लोक बोलायला तयार झाले. सुरुवात मामांपासून केली.

"म्या रानात व्हतो," मामा म्हणाले. "पाणी धरलं व्हतं गव्हाला. मला सांच्याला कळालं."

आवाज सरळ होता. डोळे मोनालीकडं. मी छातीपर्यंतची फ्रेम जरा मोठी केली, तेव्हा मांडीवरचे त्यांचे हात दिसले. दोन्ही मुठी वळलेल्या, एकमेकींपासून वीतभर लांब. त्या खाली दाबल्या जात होत्या. मनगटाच्या शिरा वर आल्या होत्या, आणि मुठीत धरलेलं काहीतरी लाथा झाडत असावं तशा मुठी मधूनच उसळत होत्या.

मामांच्या वडिलांची मेंढरं होती. लोकर कातरताना मेंढीचे मागचे पाय कसे धरतात, ते मी लहानपणी पाहिलेलं आहे. धरण्याची पद्धत तीच होती. पण मुठीतली पोकळी मेंढीच्या पायाहून मोठी होती.

"मामा, हात दुखतात का?" मी नंतर विचारलं.

त्यांनी हात उलटसुलट करून पाहिले. "न्हाई. का रं?"

वयोमानाचा कंप असेल, असं मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी किराणा दुकानदाराची मुलाखत झाली. तो मालाला पुण्याला गेला होता म्हणे. बोलताना त्याच्या उजव्या हाताची बोटं हवेत कशात तरी शिरली, वळली, आणि हात मागं ओढला गेला. केस धरून मान मागं खेचतात तसा. मग एक निवृत्त मास्तर. ते आजारी होते, अंथरुणावर होते, असं त्यांनी शुद्ध भाषेत सांगितलं. सांगत असताना त्यांचा तळहात एकसारखा वर जाऊन खाली येत होता. कुणालाच आपल्या हातांचं काही ठाऊक नव्हतं. हात जणू शेजाऱ्याचे होते.

दौंडला मोनालीच्या घरी आम्ही टेपा टीव्हीला जोडून पाहिल्या. तिनं आवाज बंद केला. मग उठून टीव्हीच्या वरच्या अर्ध्या भागावर वर्तमानपत्र चिकटवलं, म्हणजे चेहरे झाकले गेले आणि नुसते हात राहिले.

आम्ही ते एकामागून एक लावले. ओढणारे, पिळणारे, मारणारे, पाय धरणारे. मधे जो माणूस दिसत नव्हता, त्याचं अंग किती उंच होतं, ते कुठं वाकलं, कधी पडलं, सगळं त्या हातांवरून कळत होतं. सतीश उठून बाहेर गेला.

"हे कोर्टात चालायचं नाही," मी म्हणालो.

"कोर्टाचं कोण बोलतंय?" मोनाली म्हणाली. "अजून काठीवाला आलेला नाही यात."

आनंदराव हा पहिल्या नंबरचा आरोपी होता. माजी सरपंच, गावात त्याचं दूध संकलन केंद्र. तो बोलायला लगेच तयार झाला. "या की," म्हणाला, "लपवायला काय हाय आमच्याकडं?"

केंद्राच्या अंगणात दुपारच्या उन्हात त्यानं खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. दूध घालायला आलेली माणसं भिंतीकडेनं उभी होती. त्यात गेणबा मामाही होते, तो किराणा दुकानदारही होता. आनंदराव येऊन बसला आणि बसतानाच दोन्ही हात त्यानं मांड्यांखाली घातले.

"हात वर घेता का?" मी म्हटलं.

"ऱ्हाऊ द्या. थंडीनं आखडत्यात."

ऊन एवढं होतं की माझ्या शर्टाची पाठ ओली झाली होती. तेव्हा मला कळलं की या एका माणसाला आपल्या हातांचं ठाऊक आहे.

मोनालीनं विचारलं, "मच्छिंद्रला मारलं त्या दिवशी तुम्ही कुठं होता?"

"शिरूरला व्हतो. तहसीलला काम व्हतं," आनंदराव म्हणाला. खुर्ची कुरकुरली. त्याच्या खांद्यांना हिसके बसत होते. "पोरगा हुशार व्हता. माझं त्याच्यासंग वैर न्हवतं."

मग हात बाहेर आले.

सतीश शेजारीच उभा होता, माइकची लांब दांडी घेऊन. त्या हातांनी दांडी त्याच्याकडून काढून घेतली. हिसकावली नाही, कुणी आपली वस्तू मागून घ्यावी तशी घेतली. पहिला फटका सतीशच्या कानावर बसला. हेडफोन फुटला. तो गुडघ्यावर आला.

"उलट मीच त्याला कामाला लावनार व्हतो," आनंदराव म्हणाला.

दुसरा फटका. तिसरा डोक्यात.

त्याचा चेहरा मोनालीकडं होता. ओठ नीट, सावकाश बोलत होते. डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होतं. पांढऱ्या शर्टावर रक्ताचे ठिपके उडत होते.

मी कॅमेरा तसाच सोडून धावलो. भिंतीकडची माणसंही धावली. मला वाटलं, सोडवायला आली.

दुकानदारानं सतीशचे केस धरले आणि मान मागं खेचली.

"म्या पुण्याला व्हतो," तो म्हणाला.

मामा खाली बसले. त्यांनी सतीशचे घोटे धरले, वीतभर अंतर ठेवून. मी त्यांच्या अंगावर पडलो. मुठी सुटेनात. मी त्यांचं मनगट चावलो. रक्त आलं, तरी सुटेनात.

"शंभू," मामा माझ्या कानाशी हळू म्हणाले, "म्या रानात व्हतो रं."

दांडी मोडली. मोडकं टोक घेऊन हात परत वर गेले.

मोनालीनं दुधाचा भरलेला कॅन उचलून आनंदरावाच्या छातीवर घातला. तो पडला, आणि त्याच क्षणी सगळे हात गळून पडले. मामा आपल्या मनगटाकडं पाहत राहिले. दुधातून तांबडे ओघळ आमच्या पायांखाली पसरत होते. आनंदराव उठला, हौदाशी गेला, आणि हात धुवत बसला. आम्ही सतीशला टेम्पोत घालून नेलं तेव्हाही तो हातच धुवत होता.

सतीश वाचला. कवटीला तडा गेला होता, आणि डावा कान कायमचा गेला. आवाजाचं काम त्यानं पुन्हा केलं नाही. पोलीस गावात गेले, तेव्हा पोरगं टेम्पोतून पडलं, आम्ही कुणी तिथं नव्हतो, असं सगळ्यांनी सांगितलं. टेप त्यांनी नेली. ती परत आली तेव्हा तिच्यावर काही नव्हतं. मामा त्यानंतर माझ्याशी बोलले नाहीत. मामी म्हणतात, झोपताना ते हात दाव्यानं खाटेला बांधून घेतात.

मोनालीनं काम थांबवलं. मग एक दिवस विठाबाई मावशींचा निरोप आला. विठाबाई म्हणजे मच्छिंद्रची आई, मोनालीची सख्खी मावशी. "सगळ्यांचं घेतलं," त्या म्हणाल्या होत्या, "माझं कवा घेनार?"

फिल्म पुढं पूर्ण झाली, पुण्यात दोनदा दाखवलीही. मावशींची मुलाखत तिच्यात नाही. ती का नाही, हे लोक अजून विचारतात.

आम्ही दोघंच गेलो. सकाळ होती. मावशींचं घर एका खोलीचं. उजेड फक्त दारातून येत होता, म्हणून मी दाराकडं पाठ करून कॅमेरा लावला आणि मावशी समोर जमिनीवर बसल्या, दाराकडं तोंड करून. मच्छिंद्रची मुलगी नकुशी भिंतीला टेकून बसली होती. नऊ वर्षांची. बाप गेला तेव्हा चार वर्षांची होती.

"नुसता चेहरा घे," मोनाली माझ्या कानात म्हणाली.

मी नुसता चेहरा घेतला.

"मी न्हावऱ्याला बाजारला गेलते," मावशी म्हणाल्या. "ही पोरगी संगं व्हती. येष्टीतनं उतरले तवा लोकं बघाय लागली माझ्याकडं. कुनी काय सांगंना."

फ्रेममध्ये त्यांचा खांदा हलला. समोरून कुणी धक्का दिल्यासारखा मागं गेला, परत पुढं आला. पुन्हा गेला.

मी फ्रेम खाली नेली.

उजवा हात ताठ, तळवा उभा, माझ्याकडं, माझ्या पाठीमागच्या दाराकडं रोखलेला. पाच बोटं हवेवर दाबून पांढरी पडली होती. तळव्याला धक्का बसला की हात अंगठाभर मागं यायचा आणि मावशी सगळा भार टाकून तो परत पुढं रेटायच्या. डावा हात पोटाशी होता, खोलगट. लहान तोंडावर दाबून धरावा तसा.

"म्हटलं, घरी काय झालं असंल," मावशी म्हणाल्या.

धक्के आता खालून येत होते. तळवा त्यांच्याबरोबर खाली सरकला. छातीपासून कमरेपर्यंत, कमरेपासून गुडघ्यापर्यंत. मग बोटांनी खरवडावं तसे हलके. मग एकही नाही.

तळवा जमिनीपाशी तसाच दाबलेला राहिला.

"आले तवा दार उघडंच व्हतं," मावशी म्हणाल्या.

मोनाली पुढं सरकली. तिनं तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि उचलायला गेली. उचलेना. ती मावशींच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडायला लागली. मावशी तिच्याकडं पाहत होत्या, ही का रडते ते न कळून.

भिंतीकडून नाकानं जोरजोरात श्वास घेतल्याचा आवाज येत होता. मी वळून पाहिलं. नकुशीच्या जवळ कुणी नव्हतं. तिच्या उजव्या गालात चार बोटं रुतली होती, आणि डाव्या गालात अंगठा.