उपयोग अज्ञात

भिंतीवर नुसते खिळे उरले होते. नेत्राने हातातली वही उघडून खात्री करून घेतली. फळी इथेच होती.

गणपतीनंतर शाळेने सातवीच्या मुलांना उरणजवळच्या या लहानशा संग्रहालयात आणलं होतं. प्रत्येकाने एका वस्तूचं चित्र काढायचं आणि दिवाळीच्या सुट्टीत घरच्यांना विचारून तिची माहिती लिहायची, असा अभ्यास होता. नेत्राने लांब दांड्याची एक लाकडी फळी निवडली. तिच्याखाली पाटी होती, ‘शेतीचे अवजार. उपयोग अज्ञात.’ काल आजोबांनी, काळूरामांनी, चित्र पाहिलं आणि जेवण तसंच ठेवून ते तरुणपणी राबलेल्या मिठागराबद्दल तासभर बोलले. फळीने मीठ ओढतात, हे नेत्राला तेव्हा कळलं. आज ती मोजमाप घ्यायला चुलतभाऊ धनेश आणि मैत्रीण राहीला घेऊन आली, तर ही गत.

राहीला फरशीवर ओरखडे दिसले. ते मागच्या दारापर्यंत गेले होते. तिघं त्यांच्या मागोमाग गेली. पडवीत फळ्या, टोपल्या, लाकडी चोपणी, सगळं एकावर एक टाकलेलं होतं.

व्यवस्थापक दिनानाथकाकांना विचारलं, तेव्हा त्यांनी फोनमधून डोकं वर न काढताच सांगितलं, की तिथे फोटो काढायला रंगीत कमान बसणार आहे आणि अकरा वाजता भंगाराचा टेम्पो येईल.

“पण ती मिठागराची अवजारं आहेत, काका.”

“कोणी जाणकाराने सांगितलं तर बघू. पोरांच्या सांगण्यावर नाही.”

साडेदहा वाजले होते. आजोबांना आणायला धनेश सायकलवर सुटला. पण जाऊन-येऊन पाऊण तास तरी लागणार. टेम्पो आधी आला तर? नेत्राला काही सुचेना. राही मात्र दारावरची नियमांची पाटी वाचत होती. तिने नेत्राला कोपराने ढोसलं.

अकराला टेम्पो आला. चालक पडवीत शिरला, तर दोघी फळ्यांच्या मधोमध मांडी घालून चित्रं काढत बसलेल्या.

“उठा,” दिनानाथकाका म्हणाले.

नेत्राने शांतपणे सांगितलं, “काका, नियम पाचवा. विद्यार्थी अभ्यास करत असताना वस्तू हलवू नयेत. खाली तुमचीच सही आहे.”

चालक हसला आणि विडी काढून बाहेर जाऊन बसला. दिनानाथकाका पाटीपाशी जाऊन नियम वाचून आले. मग दारातच उभे राहिले.

तेवढ्यात धनेशच्या सायकलवर मागे बसून आजोबा आले. त्यांनी कोणाशी वाद घातला नाही. चोपणं उचललं आणि मिठागराचा तळ कसा चोपून घट्ट करायचा, ते तिथल्याच मातीवर करून दाखवलं. मग फळी हातात घेतली, पाय रोवले आणि पाठ न वाकवता सरसर मागे ओढली. सुट्टीत संग्रहालय पाहायला आलेली मुलं भोवती जमली. एकाने विचारलं, मीठ पायांना झोंबत नाही का? आजोबांनी चप्पल काढून भेगाळलेली टाच दाखवली. कोणीच हसलं नाही.

दिनानाथकाकांनी टेम्पो रिकामा परत पाठवला. “चूक माझी,” ते म्हणाले. “या मुलींनी वाचवलं हो सगळं. काळूरामदादा, नवीन पाट्या तुम्ही सांगाल?”

“मना लिवता येत न्हाय,” आजोबा म्हणाले. “मी सांगतो, नेत्रा लिवल.”

नेत्राने वहीचं कोरं पान काढलं. आजोबा तिच्याशेजारी जमिनीवर बसले आणि एकेक वस्तू हातात घेऊन नाव सांगू लागले.