खूण नसलेला स्वेटर

ते १९७१ साल होतं. मी तेवीस वर्षांची होते, आणि आमच्या लॉन्ड्रीइतका पांढराशुभ्र कपडा अख्ख्या शहरात कुणी देत नाही, याचा मला भारी अभिमान होता.

बाबांचे हात इसबानं फुटले तेव्हापासून दुकान मीच बघत होते. पुढे काउंटर, मागे भट्टी. आलेल्या प्रत्येक कपड्याला आतून पक्क्या शाईनं गिऱ्हाइकाची खूण घालायची, हा नियम. बिनखुणेचे कपडे फक्त आमच्या घरचे.

थंडीतल्या एका दुपारी तो आत आला. हातात पत्र्याची पेटी, अंगात निळा स्वेटर. भट्टीच्या वाफेनं चष्मा धुरकटला, तसा दारातच थबकला.

"मालक आहेत?"

"समोर उभ्या आहेत."

त्यानं चष्मा पुसला आणि मग पाहिलं... जरा जास्तच वेळ पाहिलं.

"नवी पावडर आणलीये. एन्झाइमवाली. रक्त, दूध, अंडं — डाग अक्षरशः खाऊन टाकते."

"आणि स्वेटर?"

"म्हणजे?"

"कोपरं बघा तुमची. आरपार दिसतंय. कशात धुता?"

"आमच्याच पावडरीत," तो छाती काढून म्हणाला. "आईनं विणलाय. दर रविवारी भिजवतो."

"मग आईचे कष्टही खाल्ले तिनं."

"जुना झालाय तो," तो म्हणाला, पण कान लाल झाले होते.

मी अडचणीत होते, हे काही त्याला सांगितलं नाही. हॉस्पिटलच्या चादरींवर रक्ताचे तपकिरी डाग राहत होते. शनिवारी चादरी स्वच्छ आल्या नाहीत, तर काम दुसरीकडे देईन, असं मेट्रनबाईंनी बजावलं होतं. हॉस्पिटल गेलं असतं तर भट्टी थंडच पडली असती. मी त्याच्याकडून नमुन्याचा एक पुडा ठेवून घेतला — उपकार केल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी तो आला, तेव्हा मी डागाळलेली चादर काउंटरवर पसरली.

"हे घ्या. तुमचं एन्झाइम जेवलं नाही वाटतं."

"पाणी किती गरम होतं?"

"उकळतं. आमच्याकडे कोमट कारभार नसतो."

तो हसला नाही म्हणून वाचला. "शिजवलंत तुम्ही त्याला. उकळत्या पाण्यात एन्झाइम मरतं. आणि रक्तही शिजतं, कपड्याला धरून बसतं. हे डाग... तुमच्या भट्टीनंच पक्के केलेत."

चाळीस वर्षांत आमच्या भट्टीला असं कुणी बोललं नव्हतं. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. तेवढ्यात आतून बाबा खोकले. "बादली दे त्याला," म्हणाले.

त्यानं बाह्या सारल्या. त्याच सकाळी आलेली, अजून न उकळलेली चादर आधी गार पाण्यात खळबळली. मग तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं पाणी बघावं तसं मनगटावर पाणी बघून पावडर घातली. दोन तास भिजवायची होती. दोन तास आम्ही बाकावर बसलो, मध्ये चहाचे कप.

"तुम्ही रागावलात की एकच भुवई वर जाते," तो म्हणाला.

"दोन्ही कुणाच्या जातात?"

"आमच्या साहेबांच्या. पण त्यांच्याकडे बघत बसावंसं वाटत नाही."

मी उठून बादलीत उगाच हात घातला. चादर वर काढली... डाग नव्हता.

शनिवारी मेट्रनबाईंनी एकेक चादर उजेडात धरली आणि काहीच बोलल्या नाहीत. त्यांचं न बोलणं म्हणजे शाबासकी. मी मान ताठ ठेवून परत आले. पण चादरीवर जिंकला होता तो, हे मला ठाऊक होतं.

सोमवारी तो कागदात स्वेटर गुंडाळून आला. दोन्ही कोपरं उसवून गेली होती.

"काल भिजवला आणि... हातातच आलं सगळं."

"मी सांगितलं होतं."

"लोकर, रेशीम, रक्त, अंडं — सगळी एकाच जातीची, प्रथिनं. पुस्तकात शिकलो होतो मी. स्वतःच्या अंगावरच्या स्वेटरला ते लागू आहे, हे सुचलंच नाही."

"पावडरीला काय कळणार डाग कुठला आणि आई कुठली," मी म्हणाले. "ठेवा इथे."

मी त्याच रंगाच्या लोकरीनं कोपरं रफू केली, बिनएन्झाइमच्या साबणात गार पाण्यानं धुतला, आडवा पसरून सावलीत वाळवला. गुरुवारी तो न्यायला आला. गळ्याची पट्टी उलटून बघू लागला.

"खूण घातली नाहीत? हरवेल."

"नाही हरवणार."

"पण तुमचा नियम..."

मी इस्त्रीवरची नजर वर केली नाही. "घरच्या कपड्यांना खूण नसते."

त्यानं पट्टी सरळ केली. मग सावकाश स्वेटर अंगात घातला, एकेक बाही करत.

"मालकीणबाईंना यापुढे... तुम्ही म्हणायचं की तू?"

"दुकानात तुम्ही," मी म्हणाले. "घरचं घरी बघू."

आतून बाबा पुन्हा खोकले.

बाबा पुढे अकरा वर्षं जगले. दुकानात आता दोन बादल्या होत्या: निळी एन्झाइमची, पांढरी बिनएन्झाइमची. खुर्ची टाकून दोन्हींवर पहारा करायचे. मेट्रनबाई निवृत्त झाल्या तरी त्यांची लोकरीची शाल आमच्याकडेच यायची, पांढऱ्या बादलीत. त्याच्या साहेबांनी आमच्या लग्नात बारा पुडे पावडर दिली आणि एक चांगला माणूस गमावला. तो नोकरी सोडून आमच्याकडे आला. आता मुलगी दुकान बघते. मोठी यंत्रं आली, तरी दोन्ही बादल्या तिनं ठेवल्यात.

गेल्या वर्षी त्याला त्याच हॉस्पिटलात ठेवलं होतं. नर्सनं कपड्यांवर नाव घालायला पेन काढलं. मी म्हटलं, "सगळ्यांवर घाल. ह्या निळ्या स्वेटरवर नको."

"हरवला तर, आजी?"

खाटेवरून तोच म्हणाला, "नाही हरवणार."