बिगुलवाल्याचा काळा घोडा

विषय : घोडदळाचे बारा शिशाचे स्वार येत्या शनिवारच्या लढाईत मांडण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : कै. लॉरेन्स ऑर्मरॉड यांचा अर्ज, चौथ्यांदा सादर.

हेलबेक गावच्या युद्धखेळ मंडळाचा तपासनीस डेस्मंड पिकर्सगिल याने हा अर्ज गुरुवारी दुपारी, चॅपलमागच्या सभागृहात हातात घेतला. बाहेर फेब्रुवारीचा पाऊस होता. बावीस वर्षं तो हेच करत आला होता. बोटाच्या पेराएवढ्या स्वारांच्या गुंड्या, बाह्यांचे पट्टे, खोगिराचं कातडं भिंगाखाली धरायचं, लढाईच्या सालाशी ताडून पाहायचं, चुकलं की परत पाठवायचं. मंडळाच्या टेबलावर नेपोलियन वॉटर्लू जिंकला तरी कुणाची तक्रार नसे. त्याच्या स्वाराच्या टोपीला भलताच तुरा दिसला, तर मात्र तीस वर्षांची मैत्री तुटे. डेस्मंडला या सगळ्याचा कंटाळा आला होता, आणि तो कंटाळाही आता जुना झाला होता.

समोर एनिड ऑर्मरॉड ओला कोट न काढताच बसली होती. शनिवारची लढाई तिच्या नवऱ्याच्या आठवणीसाठी ठेवली होती. त्याने रंगवलेला शेवटचा रिसाला त्या लढाईत उतरावा, एवढंच तिचं मागणं होतं.

"तीनदा परत पाठवलास तू त्याचा अर्ज."

"आधाराचा रकाना कोरा होता, एनिड."

"माणूस ऑक्सिजनवर होता रे!"

"हो. पण रकाना कोराच होता."

"तुझ्या थडग्यावर हेच कोरून घे." ती उठली. "शेवटच्या दिवशी भरलाय त्याने. वाच. मी चहा टाकते."

ती मागच्या स्वयंपाकघरात गेली. डेस्मंडने डबा उघडला. स्पेनमधल्या हिवाळी माघारीतले बारा स्वार, फाटके, चिखलाने माखलेले, बिनचूक. खोड एकच. रिवाजाने बिगुलवाला पांढऱ्या घोड्यावर हवा, म्हणजे धुराळ्यातही तो अधिकाऱ्याच्या नजरेत राहतो. ऑर्मरॉडने त्याला काळ्या घोड्यावर बसवला होता. रिवाज मोडायचा तर आधार दाखवायचा, हा मंडळाचा नियम. रकान्यात थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं : 'बिगुलवाल्याने स्वतः सांगितले.'

"वा," डेस्मंड स्वतःशीच म्हणाला. मग, नुसती थट्टा म्हणून, त्याने रिकाम्या सभागृहाकडे पाहत विचारलं, "साक्षीदार हजर आहे का?"

मागच्या दाराजवळ लाकडी जमिनीवर काहीतरी जड सरकलं. ओल्या घोड्याचा वास आला. मागोमाग, त्याहून वाईट, करपलेल्या केसांचा.

"हजर... साहेब."

दाराजवळचा दिवा गेलेला होता. डेस्मंड उठला नाही. उठून जायचं कुठे? त्याने पेन उघडलं. भ्यायलेल्या माणसाला सवयीइतका आधार दुसरा नसतो.

"तुझा पांढरा घोडा कुठे गेला?"

बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत राहिला. तो एकाचा नव्हता.

"खाल्ला, साहेब... माघारीचा नववा दिवस होता."

डेस्मंडने लिहून घेतलं. अक्षर सुवाच्य आलं.

"आणि हा काळा?"

"आमच्यातल्या फर्ग्युसनचा... त्याला आम्ही मागे ठेवला. तो हाका मारत होता... मी बिगूल वाजवत राहिलो."

स्वयंपाकघरात कपबश्या वाजल्या. एनिड काहीतरी गुणगुणत होती.

डेस्मंडने घसा खाकरला. "तोंडी आधाराला दोन साक्षीदार लागतात. नियम आहे."

"दुसरे बाहेर उभेत, साहेब..." आवाज अगदी खाली आला. "ऑर्मरॉडसाहेब. आत येऊ का, विचारताहेत..."

मागच्या दाराची कडी वर उचलली गेली आणि तशीच अधांतरी थांबली.

हो म्हटलं असतं, तर काम झालं असतं. रिसाला उतरला असता, एनिडच्या मनासारखं झालं असतं, आणि चहा घेऊन ती याच दारात नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली असती. डेस्मंडच्या तोंडून मात्र बावीस वर्षांची सवय बोलली.

"अर्जदाराला... स्वतःच्या अर्जावर साक्ष देता येत नाही."

कडी हळूच खाली बसली. वास गेला.

एनिड ट्रे घेऊन आली. "कुणाशी बोलत होतास? झाला का मंजूर?"

"दुसरा साक्षीदार हवा, एनिड."

"दुसरा? म्हणजे पहिल्याचं बोलणं तूच ऐकलंस ना? मग तूच कर सही!"

डेस्मंडने पेनाला टोपण लावलं. ऐकलं असं लिहून द्यायचं, तर काय काय ऐकलं तेही लिहावं लागणार होतं. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुढे विचारलं नाही. डबा तिथेच ठेवून ती मागच्या दाराने निघाली, आणि उंबऱ्यापाशीच थबकली. दाराबाहेरच्या पायपुसण्यावर घोड्याच्या नालांचे ठसे होते. त्यांच्या बाजूला एका सपातेचा ठसा, उजव्या पायाचा, चवडा सभागृहाकडे वळलेला.

"हॉस्पिटलने मला त्याची डावीच परत दिली होती," ती म्हणाली.

शनिवारची लढाई या रिसाल्याशिवाय झाली. डेस्मंड आता पुढच्या दाराने ये-जा करतो. दर गुरुवारी मागचं पायपुसणं ओलं असतं, पाऊस नसला तरी. अर्ज दुसऱ्या साक्षीदाराअभावी प्रलंबित आहे.